५.५ इंची फोनवरून ६.७ इंचीवर गेल्यावरचे पहिले अठरा दिवस

तुम्ही विचारलंय की, ५.५ इंची जुना फोन सोडून ६.७ इंची घेतला तर पहिल्या काही दिवसांत नेमका काय फरक जाणवतो. मुख्य काम पीडीएफ वाचण्याचं आहे, चाळिशीचा चष्मा आहे आणि हात लहान आहेत. यातलं सगळंच मला लागू पडतं. वय ५३. काम मुद्रितशोधनाचं, म्हणजे दिवसभर प्रुफं वाचायची. आणि नेमकी याच दोन मापांची अदलाबदल करून मला आज अठरा दिवस झाले. त्यामुळे ताजं ताजं सांगते.

पहिल्या संध्याकाळी मी निराश झाले होते. दोन्ही फोन जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, दोन्हींवर एकच पीडीएफ उघडली आणि पाहिलं तर अक्षर तेवढंच! नव्या फोनवर पानाच्या वर-खाली काळी पट्टी तेवढी जास्त. इतके पैसे घालून अक्षर मोठं होत नसेल तर मग वाढलं काय? मुलीच्या कंपासमधली पट्टी काढली आणि दोन्ही स्क्रीन मोजल्या. जुन्याची रुंदी साडेअडुसष्ट मिलिमीटर भरली, नव्याची सत्तरला किंचित कमी. फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा. उंची मात्र १२२ वरून १५५ वर गेलेली.

कारण साधं आहे, पण दुकानात कोणी सांगत नाही. इंचाचा आकडा हा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा, म्हणजे कर्ण असतो. जुने फोन उंची-रुंदीच्या १६:९ या प्रमाणातले होते, आताचे बहुतेक २०:९ च्या आसपासचे. कर्ण वाढला तो जवळजवळ सगळा उंचीत गेला. २००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा स्क्रीन ३.५ इंची होती. २०११ साली सॅमसंगने ५.३ इंची गॅलेक्सी नोट आणला तेव्हा एवढा मोठा फोन कानाला कसा लावायचा, असं लोक विचारत. २०१० मध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्झ यांनी असे हातात न मावणारे फोन कोणी घेणार नाही असं म्हटलं होतं. २०१४ मध्ये त्यांच्याच कंपनीचा ५.५ इंची आयफोन ६ प्लस आला. इथपर्यंत रुंदीही खरोखर वाढत होती. मग २०१७ पासून स्क्रीनभोवतीच्या कडा बारीक होत गेल्या आणि फोन लांबट झाले. मुठीत मावायचं तर रुंदी वाढवता येत नाही, म्हणून वाढायला उंचीच उरली. माझ्या दोन्ही फोनमध्ये आडव्या ओळीत १०८० च पिक्सेल आहेत. म्हणजे उभ्या फोनवर एका ओळीतलं अक्षर मोठंही झालेलं नाही आणि जास्त रेखीवही नाही.

हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी फोन परत करायचा विचार केला होता. केला नाही, त्याचं कारण म्हणजे फोन आडवा धरणं. इतकी वर्षं मी ऑटो-रोटेट बंद ठेवत आले, कारण जुन्या फोनवर ते कामाचं नव्हतं. आता मात्र हिशेब बदलला आहे. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. उभ्या फोनवर तो ७० मिलिमीटरात बसतो, म्हणजे बरोबर एक तृतीयांश. १२ पॉइंटचं (पॉइंट हे छपाईतलं अक्षराचं माप) अक्षर ४ पॉइंटचं होतं. ४ पॉइंटात देवनागरी वाचायची म्हणजे औषधाच्या डबीवरचा मजकूर वाचण्यासारखंच. तोच कागद आडव्या फोनवर १५५ मिलिमीटर रुंद दिसतो आणि अक्षर जवळपास ९ पॉइंटचं. चष्मा लावून हे आरामात वाचता येतं. आपली नेहमीची डेमी १/८ आकाराची पुस्तकं साडेपाच इंच, म्हणजे १४० मिलिमीटर रुंद. ती आडव्या फोनवर छापील पुस्तकापेक्षा थोडी मोठीच दिसतात! पान एका वेळी तिसरा हिस्साच दिसतं, सतत वर सरकवावं लागतं, पण मला त्याची सवय दोन दिवसांत झाली. जुन्या फोनवर आडवं धरलं तर १२२ मिलिमीटरच मिळत, आणि खाली-वर मेन्यूच्या पट्ट्यांमध्ये चार-पाच ओळी कशाबशा उरत.

एक प्रसंग सांगते, म्हणजे मी हे इतकं का धरून बसले आहे ते कळेल. सध्या दिवाळी अंकांची प्रुफं चालू आहेत. एका प्रवासलेखाचं दुसरं प्रूफ रात्री व्हॉट्सॲपवर आलं. पहिलं मी जुन्या फोनवर वाचून, पास करून पाठवलेलं होतं, हे कबूल करायला हवं. चौथ्या दिवशी, आडव्या स्क्रीनवर तेच पान उघडलं आणि तिसऱ्याच ओळीत नजर अडकली : ‘सह्याद्रीच्या दर्यांमध्ये’. लेखकाने लिहिलं होतं ‘दऱ्यांमध्ये’. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर आणताना ऱ्या चा र्या झाला होता, आणि सह्याद्रीत समुद्र शिरला होता. आचार्यांना आणि आचाऱ्यांना, दर्या आणि दऱ्या : आपल्या भाषेत या एवढ्याशा चिन्हावर अर्थ फिरतो. ४ पॉइंटात रफार आणि तो अर्धा र या दोन्हींचा एक काळा ठिपका होतो. मेंदू संदर्भाने बरोबर तेच वाचून घेतो आणि चूक तशीच छापायला जाते. त्या पानात अशा आणखी दोन निघाल्या. इंग्रजी वाचणाऱ्याचं बारीक अक्षरात भागत असेल, पण आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असे मजले असतात. आपल्याला जागा जास्त लागते. म्हणून मराठी वाचणाऱ्याने स्क्रीनचं माप गांभीर्याने घ्यायलाच हवं.

उंच स्क्रीनचा उभ्यानेही एक फायदा निघाला, तो मला आधी सुचला नव्हता. दिवाळी अंकात मजकूर दोन स्तंभांत असतो. एक स्तंभ दोन बोटांनी ओढून स्क्रीनभर केला की तो जवळपास छापील आकारात येतो आणि लांबलचक मजकूर एका नजरेत दिसतो. ई-पेपरचंही तसंच. वर्तमानपत्राचा स्तंभ मुळातच अरुंद आणि उंच, या फोनसारखा. तेव्हा माझा नियम असा झालाय : स्तंभ असतील तर उभा फोन, पुस्तकाचं पान असेल तर आडवा.

आता हात. तुमच्यासारखीच माझी मूठ लहान आहे. फोन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला, कव्हरसकट २३१ ग्रॅम भरला. जुना १८४ होता. आकड्यात फरक थोडा वाटतो, पण पहिले पाच-सहा दिवस संध्याकाळी उजवी करंगळी दुखायची, कारण नकळत सगळा भार तिच्यावर टेकवला जातो. रुंदी तीच असल्याने मुठीत धरायला काही वेगळं वाटत नाही. त्रास होतो तो वरच्या कोपऱ्यापर्यंत अंगठा न्यायचा तेव्हा. तो पोचतच नाही. मग आपण फोन तळहातावर सरकवतो आणि त्याच क्षणी तो निसटतो. माझा दोनदा निसटला, एकदा गादीवर आणि एकदा एसटीत, मांडीवरच्या पिशवीत. नशीब चांगलं. तेव्हापासून उपाय केले ते हे : सेटिंग्जमध्ये ‘वन-हँडेड मोड’ चालू केला, त्याने खाली बोट ओढलं की सगळी स्क्रीन अर्ध्यावर उतरते. कीबोर्ड उजव्या बाजूला चिकटवून घेतला. आणि होम स्क्रीनवरच्या रोजच्या गोष्टी खालच्या दोन ओळींत आणल्या. कव्हरला मागे बोट अडकवायची पट्टी लावून घेतली, करंगळीचं दुखणं त्यानंतर थांबलं. कुर्त्याच्या खिशात फोन बसतो पण वाकलं की बाहेर डोकावतो, म्हणून स्कूटरवर निघताना तो पर्समध्येच. तुम्ही शर्टाच्या खिशात ठेवत असाल तर ती सवय मात्र सोडावी लागेल.

सेटिंगची एक गोष्ट आवर्जून करा. फोन नवीन असताना सगळं मोठं मोठं दिसतं, ते डिस्प्ले साइजमुळे. अँड्रॉइडमध्ये ‘फॉन्ट साइज’ आणि ‘डिस्प्ले साइज’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याने फक्त अक्षर बदलतं, दुसऱ्याने चिन्हं, बटणं, मोकळी जागा, सगळंच. बरेच जण दोन्ही वाढवून बसतात आणि मग म्हणतात, स्क्रीन मोठी घेऊनही मजकूर तेवढाच दिसतो. मी डिस्प्ले साइज एक घर कमी केली आणि फॉन्ट साइज एक घर वाढवली. आता अक्षर मोठं आहे आणि बिनकामाची जागा गेली. फॉन्ट फार वाढवू नका; काही ॲपमध्ये ओळीची उंची त्या प्रमाणात वाढत नाही आणि वरची वेलांटी कापली जाते. माझ्या बँकेच्या ॲपमध्ये ‘शिल्लक’ची वेलांटीच गायब झाली होती. आणि हे लक्षात असू द्या की या सेटिंगने पीडीएफमधलं अक्षर वाढत नाही. तिथे पान जसंच्या तसं चित्रासारखं बसवलेलं असतं, म्हणून तर रुंदीचा एवढा घोळ घातला वर. पीडीएफ वाचकात कडेचा कोरा समास कापायची सोय असेल तर वापरा, त्याने बराच फरक पडतो.

डोळ्यांबद्दल. नवा फोन ओलेड स्क्रीनचा आहे. काळा रंग अगदी काळा, उन्हात वाचता येतं, आणि १२० हर्ट्झमुळे, म्हणजे चित्र सेकंदाला १२० वेळा बदलत असल्याने, पान सरकवताना अक्षरं फाटल्यासारखी दिसत नाहीत. आडव्या वाचनात सतत सरकवावं लागतं तिथे हे फारच सुखाचं आहे. पण पहिल्या आठवड्यात रात्री दिवा मालवून, उजेड अगदी कमी करून वाचलं की अर्ध्या तासात कपाळ जड व्हायचं. अशा बऱ्याच स्क्रीन उजेड कमी करण्यासाठी दिवा मंद करत नाहीत, तो फार वेगाने बंद-चालू करतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण काहींना त्याचा त्रास होतो, आणि मी त्यातली निघाले. आता खोलीतला दिवा लावते आणि स्क्रीनचा उजेड निम्म्याच्या आसपास ठेवते. डोकं दुखणं थांबलं आहे. तुम्ही रात्री वाचत असाल तर घेण्याआधी दुकानात उजेड अगदी खाली आणून पाच-दहा मिनिटं वाचून पाहा.

घेताना एक चूक झाली ती तुमची टळावी. दुकानात फोनबरोबर लगेच काच लावून देतात. माझ्या फोनच्या स्क्रीनला कडेला किंचित बाक आहे. लावलेली काच सपाट, त्यामुळे कडेने हवा राहिली, आणि स्क्रीनखालचा बोटाच्या ठशाचा सेन्सर पाच वेळा दाबलं तर दोनदाच ओळखायचा. मला वाटलं फोनच सदोष आहे, आठ दिवस तसेच काढले. शेवटी काच काढून टाकली, ठसा नव्याने नोंदवला आणि पहिल्या स्पर्शाला उघडायला लागला. स्क्रीन बाकदार असेल तर काच घाईने लावून घेऊ नका. शक्य असेल तर सपाट स्क्रीनचाच फोन घ्या. आडवा धरताना बाकावर अंगठा टेकून पान उगाचच उलटतं, हा त्रास मला अजून होतो.

बॅटरी ५००० एमएएच आहे, दिवसभर वाचून रात्री तिसरा हिस्सा उरतो. कॅमेऱ्याचं मी सांगण्यासारखं काही नाही, हाताने खुणा केलेल्या छापील प्रुफांचे फोटो तेवढे काढते आणि ते स्वच्छ येतात.

तर तुमच्या बाबतीत. दुकानात जाताना आपली नेहमीची एक पीडीएफ आणि एक पट्टी बरोबर न्या. खोक्यावरचे इंच सोडून द्या, स्क्रीनची रुंदी आणि उंची मोजा. पीडीएफ नमुन्याच्या फोनवर उघडून आडवी धरा, आणि ‘ऱ्या’ असलेला एखादा शब्द शोधून चष्म्याशिवाय नव्हे, चष्म्यासकट वाचून पाहा. फोन एका हातात दहा मिनिटं धरून उभे राहा.

तुमच्या पीडीएफ बहुतेक पुस्तकी आकाराच्या असतील तर बिनधास्त घ्या. सगळ्या ए-फोरच्या असतील, जीआर, सातबारे, कार्यालयीन कागद, आणि तेही स्कॅन केलेले, तर त्याच पैशांत आठ-दहा इंची साधा टॅब मिळतो का ते आधी बघा. कुठल्या प्रकारच्या आहेत ते खाली लिहिलंत तर माझ्याकडच्या तशा एखाद्या पानाचं माप घेऊन सांगते.