सोनं कपाटातच राहू द्या

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. ऑटिझमचं निदान झालंय, अजून बोलत नाही. एका केंद्राने स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलंय, खर्च लाखांत. सासरे म्हणतात, सोनं मोडू. काय करावं? – एक आई, कराड

उत्तर : ताई, सोनं कपाटातच राहू द्या. ऑटिझममध्ये स्टेम सेलचा उपयोग सिद्ध झालेला नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही 2022 साली त्याची शिफारस नाही असंच सांगितलंय. ‘शरीरातला पारा काढतो’ म्हणणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहा. औषधाने शरीरातले धातू बाहेर काढण्याच्या त्या उपचारात, म्हणजे चीलेशनमध्ये, 2005 साली अमेरिकेत पाच वर्षांचा मुलगा दगावला.

श्रवण चाचणी झाली नसेल तर आधी ती. मग स्पीच थेरपी आणि रोजची कामं करायला शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी. दार लावून आईला बाहेर बसवणारे थेरपिस्ट मला स्वतःला पटत नाहीत. त्यांचा आठवड्यातला वेळ तो कितीसा? बाकीचा सगळा तुमचाच, तेव्हा आत बसून शिकून घ्या.

बिस्किटं घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवा. तो डबा तुमच्याकडे ढकलेल. लगेच उघडू नका. जरा थांबा. त्याने बघितलं किंवा हात पुढे केला, की ‘दे’ म्हणा आणि द्या. त्याने ‘दे’ म्हटलंच पाहिजे असा हट्ट नको. हवी ती वस्तू चित्र दाखवून मागायची चित्रकार्डं वापरली तर मूल बोलायचं राहतं, ही भीतीही सोडा.

खर्चासाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा ‘निरामय’ विमा काढा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागेल. वर्षाला एक लाखापर्यंतच्या त्या संरक्षणात थेरपीचीही तरतूद आहे.