एक्सेलच्या मॅक्रोत जेसन (थराथरांत माहिती साठवणारी मजकूर-फाइल) वाचताना आतल्या थरावर ‘ऑब्जेक्ट रिक्वायर्ड’ हा एरर येतो. मित्र म्हणतो, ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ लाव. लावावे का?

लावू नका. ही ओळ मॅक्रोला ‘एरर आला तरी न थांबता पुढच्या ओळीवर जा’ असे सांगते. आपल्या मित्राने सुचवलेल्या याच ओळीपायी मी एकदा सबंध रात्र घालवली आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

काही वर्षांपूर्वी मी सांगलीत एका करसल्लागारांच्या कार्यालयात काम करीत होतो. अशिलांच्या जीएसटीआर-१ च्या, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राच्या, जेसन फायली दाखल करण्याआधी त्यांतील कराची बेरीज विक्रीच्या नोंदवहीशी ताडून पाहण्यासाठी आमच्याकडे एक मॅक्रो होता. तो माझ्या वरिष्ठांनी लिहिलेला होता आणि त्याच्या पहिल्याच ओळीत ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ होते. “एरर दिसला की पोरं घाबरतात,” हे त्यांचे समर्थन. आकडे नेहमी जुळत. मग एका बेदाणा व्यापाऱ्याने प्रथमच कर भरून निर्यात केली, आणि विवरणपत्राच्या मुदतीच्या आदल्या संध्याकाळी, १० तारखेला, मॅक्रोने त्याच्या निर्यातीच्या बिलांवर सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात केलेल्या विक्रीवरचे केंद्राचे आणि राज्याचे कर, दाखवला. निर्यातीवर कर भरलाच तर तो आयजीएसटीच असतो, हे त्या कार्यालयात कोणाला सांगावे लागत नव्हते. फाइल खराब आहे, असा निर्वाळा देऊन आणि ती पुन्हा तयार करायला सांगून साहेब घरी गेले.

फाइल ठणठणीत होती. बीटूबी (नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीच्या) विभागात प्रत्येक बिलाखाली ‘आयटीएमएस’ ही यादी असते, त्या यादीतल्या प्रत्येक नोंदीच्या पोटात ‘आयटीएम_डीईटी’ नावाचा आणखी एक ऑब्जेक्ट असतो आणि कराच्या रकमा त्याच्या आत असतात. निर्यातीच्या विभागात हा मधला थर नसतोच. तिथे ‘आयएएमटी’, म्हणजे आयजीएसटीची रक्कम, थेट नोंदीतच असते. मॅक्रो मात्र दोन्ही विभागांत एकाच वाटेने शिरत होता. निर्यातीच्या बिलावर, व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट ठेवणारी ‘सेट’ची ओळ आपल्याला येतो तोच ‘ऑब्जेक्ट रिक्वायर्ड’ हा ४२४ क्रमांकाचा एरर देऊन फसत होती, तो एरर गिळला जात होता, आणि व्हेरिएबलमध्ये त्याआधीच्या देशांतर्गत बिलाचा तपशील तसाच राहत होता. तासगावच्या गिऱ्हाइकाला लावलेला कर परदेशी गिऱ्हाइकाच्या बिलावर चढत होता.

हे उमगायला रात्रीचे दोन वाजले, यात माझाही दोष आहे. मॅक्रो अशा ऑब्जेक्टची डिक्शनरी करतो, म्हणजे प्रत्येक नावाखाली (‘की’खाली) एक व्हॅल्यू ठेवतो. डिक्शनरीत नसलेली की नुसती वाचली तरी ती रिकाम्या व्हॅल्यूसह तिथे तयार होते. मी वॉच विंडोत (थांबलेल्या मॅक्रोतल्या व्हॅल्यू दाखवणाऱ्या चौकटीत) नेमकी तीच की लावून ठेवली होती, त्यामुळे मॅक्रो थांबवून पाहिला की की आहे का हे तपासणारे ‘एग्झिस्ट्स’ दर वेळी ती असल्याचे सांगत होते.

आता आपल्या फायलीविषयी. आपण जेसन वाचण्यासाठी व्हीबीए-जेसन हे तयार मोड्यूल वापरत आहात असे धरतो. त्यात महिरपी कंसाची डिक्शनरी होते आणि चौकोनी कंसाचे कलेक्शन, म्हणजे क्रमवार यादी, होते. कलेक्शनची मोजणी १ पासून असते, शून्यापासून नाही. ‘फॉर ईच’ फिरवल्यास कलेक्शनमधून प्रत्यक्ष नोंदी मिळतात, डिक्शनरीतून मात्र फक्त कीज मिळतात, आणि पुष्कळ जण इथेच अडतात. ४२४ चा अर्थ एवढाच की ‘सेट’ने जिथे ऑब्जेक्ट घ्यायचा आहे तिथे ऑब्जेक्ट नाही: की नसेल, तिच्या स्पेलिंगमधले एखादे अक्षर कॅपिटल असेल, व्हॅल्यू नल असेल किंवा साधा आकडा असेल. चार कंस एकाच ओळीत ओढू नका. प्रत्येक थराला वेगळे व्हेरिएबल द्या, ते लूपच्या प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला ‘नथिंग’ करा, आत उतरण्याआधी ‘एग्झिस्ट्स’ पाहा आणि हाती आलेली गोष्ट कोणत्या प्रकारची आहे ते इमिजिएट विंडोत ‘टाइपनेम’ने विचारा. नेमकी कोणती की चुकते ते फाइल पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

न्यायाने बोलायचे तर त्या ओळीला एक जागा आहे. कलेक्शनला ‘एग्झिस्ट्स’ नसते, म्हणून एखाद्या कीची चाचणी घेताना ती एका ओळीपुरती लावून लगेच ‘ऑन एरर गो टू झीरो’ने काढून घेणे मला मान्य आहे. शिवाय जेसनमधून आपल्याला फक्त सपाट तक्ता हवा असेल, तर हे काम एक्सेलमधले पॉवर क्वेरी हे साधन मॅक्रोशिवायच करते. हे मी खरे तर आधी सांगायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांना ती ओळ काढून मॅक्रो चालवून दाखवला. तो निर्यातीच्या पहिल्याच बिलावर थांबला. “बघ, तू हात लावलास आणि बिघडला,” असे ते म्हणाले, आणि त्यांनी ती ओळ परत घातली.