क्लाउडमधून बाहेर जाणारा ट्रॅफिक: वाचकांच्या शंका

प्रश्न : आमच्या संस्थेचे सर्व सर्व्हर एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवर) आहेत. गेल्या महिन्यात नॅट गेटवेचे (खासगी सर्व्हर ज्यातून इंटरनेटवर जातात त्या दाराचे) बिल नेहमीपेक्षा बरेच वाढले, तेव्हा कोणी आमचा डेटा बाहेर नेत तर नाही ना, अशी शंका आली. व्हीपीसी फ्लो लॉग (आमच्या क्लाउड नेटवर्कमधील ये-जा टिपणाऱ्या नोंदी) सुरू आहेत, परंतु त्यांतील लाखो नोंदींमध्ये नेमके काय पाहावे हे उमगत नाही. डेटा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की अलार्म यावा, एवढी तरतूद पुरेशी होईल का?

उत्तर : शंका रास्त आहे, पण केवळ बिलावरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. नॅट गेटवे त्यातून गेलेल्या प्रत्येक जीबीवर आकारणी करतो आणि तो जीबी आत आला की बाहेर गेला, याच्याशी त्या आकारणीला कर्तव्य नसते. त्यामुळे एखादी यंत्रणा मोठ्या कंटेनर इमेज (प्रोग्रॅमची तयार गाठोडी) पुन्हापुन्हा डाउनलोड करत असेल, किंवा एस-थ्री या एडब्ल्यूएसच्या फाइल-साठ्याकडे जाणारा बॅकअप गेटवे एंडपॉइंट या थेट अंतर्गत मार्गाऐवजी नॅटमार्गे जात असेल, तरीही बिल फुगते. ही शक्यता आधी निकालात काढावी.

एकाच आकड्यावर बेतलेला अलार्म दोन्हीकडून फसतो. रात्रीच्या बॅकअपला तो रोज ओरडतो, आणि आठवडाभरात त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. उलट तासातासाला थोडाथोडा डेटा नेणारा चोर त्या मर्यादेखालून महिनोन्‌महिने सुखाने ये-जा करू शकतो. माझ्या मते प्रमाणाच्या आधी दोन गोष्टी पाहाव्यात: जोडणी कोणी सुरू केली आणि ती कोणाशी झाली.

वेब सर्व्हरमधून बाहेर पडणारा बहुतेक डेटा म्हणजे वापरकर्त्यांच्या मागणीला दिलेले उत्तर असते, आणि तो कितीही मोठा असला तरी त्यात वावगे काही नाही. हा फरक फ्लो लॉगमधील टीसीपी फ्लॅग्जच्या (जोडणीची सुरुवात, उत्तर, शेवट दाखवणाऱ्या खुणांच्या) रकान्यावरून कळतो. आपल्या सर्व्हरकडून बाहेर जाणाऱ्या नोंदीत तेथे २ किंवा ३ दिसला, तर जोडणीची सुरुवात आपल्याच सर्व्हरने केली. १८ किंवा १९ दिसला, तर ते समोरून आलेल्या मागणीला दिलेले उत्तर होय. बराच वेळ चालू राहिलेल्या जोडणीच्या मधल्या नोंदींत ० असतो, तेव्हा मागे जाऊन सुरुवातीची नोंद शोधावी लागते. हा रकाना मूळ स्वरूपात नसतो, आणि एकदा तयार केलेल्या फ्लो लॉगचे स्वरूप नंतर बदलता येत नाही, म्हणून आपल्याला नवा फ्लो लॉग तयार करावा लागेल. तो करताना पॅकेटचा अंतिम गंतव्य पत्ता आणि गंतव्य सेवेचे नाव हेही रकाने घ्यावेत; पहिला नसेल, तर सर्व्हरकडून नॅटच्या इंटरफेसवर येणाऱ्या नोंदींत गंतव्य म्हणून नॅटचाच पत्ता दिसतो आणि पाणी कोठे मुरते आहे हे कळत नाही. नोंदी एकत्र करण्याचा कालावधीही १० मिनिटांऐवजी १ मिनिट ठेवावा. मालवेअर आपल्या नियंत्रकाशी ठरावीक अंतराने संपर्क साधत असेल, तर तो ठेका १० मिनिटांच्या गाठोड्यात सहज विरून जातो. अर्थात असाच ठेका मॉनिटरिंग एजंटचाही असतो. नियमितपणा म्हणजे गुन्हा नव्हे.

यानंतर सर्व्हरचे कामानुसार गट पाडावेत आणि प्रत्येक गट स्वतःहून कोणाकोणाशी बोलतो, याची यादी महिनाअखेरची कामे धरून निदान महिनाभराच्या नोंदींवरून करावी. डेटाबेस सर्व्हरची यादी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघते: प्रतिकृती, बॅकअप, अद्ययावत पॅकेजेसचा साठा. तेथे एक अनोळखी पत्ता आणि त्याच्याकडे गेलेले चार केबी आढळले, तर वेब सर्व्हरच्या चाळीस जीबींपेक्षा त्याची दखल आधी घ्यावी.

प्रश्न : आम्ही गार्डड्यूटी ही धोके हेरणारी एडब्ल्यूएसची सेवा चालू ठेवली आहे. तिच्याकडून काही इशारा आला नाही, म्हणजे सारे आलबेल आहे असे मानावे का?

उत्तर : मानू नये. ही सेवा उपयुक्त आहे आणि नेहमीपेक्षा अधिक ट्रॅफिक, अनोळखी पोर्ट, क्रिप्टो मायनिंगशी निगडित डोमेन अशा गोष्टी ती हेरते. पण तिला जे दिसते त्यापुरतेच. आपले सर्व्हर एडब्ल्यूएसच्या रिझॉल्व्हरऐवजी (डोमेन नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेऐवजी) बाहेरचा डीएनएस वापरत असतील, तर त्या विचारणा तिच्या नजरेस पडत नाहीत. उलट, एडब्ल्यूएसच्याच रिझॉल्व्हरकडे गेलेल्या विचारणा फ्लो लॉगमध्ये उमटत नाहीत, म्हणून रिझॉल्व्हरचे क्वेरी लॉग स्वतंत्रपणे सुरू करावे लागतात. ते जरूर करावेत, कारण डीएनएस ही गुपचूप माहिती नेण्याची जुनी वाट आहे. डोमेन नावाच्या प्रत्येक भागात ६३ अक्षरे मावतात, आणि एकाच डोमेनखालील लांबलचक, निरर्थक वाटणाऱ्या, दर वेळी नव्या उपनावांची रांग लागली, तर त्यातून काहीतरी वाहून नेले जात आहे असे समजावे. २०२० मध्ये उघडकीस आलेल्या सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणातील मालवेअर सुमारे दोन आठवडे निपचित पडून राहत असे आणि नंतर बाधित संस्थेची ओळख अशाच उपनावांत गुंफून पाठवत असे. प्रमाण पाहाल तर नगण्य.

याहून मोठी फट दुसरीकडे आहे. चोरलेल्या क्रेडेन्शियल्सच्या (प्रवेशाच्या किल्ल्यांच्या) आधारे कोणी थेट एस-थ्रीमधून फाइली उतरवून घेतल्या, तर तो डेटा आपल्या नेटवर्कमधून जातच नाही आणि फ्लो लॉग कोराच राहतो. त्यासाठी क्लाउडट्रेल या एडब्ल्यूएसच्या वापर-नोंदवहीतील डेटा इव्हेंट्स लागतात, जे मुळात बंद असतात. कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या २०१९ मधील प्रकरणात अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती एस-थ्रीमधून गेली होती, आणि ती बाब बँकेला कळली ती बाहेरच्या व्यक्तीने पाठवलेल्या ईमेलमुळे.

प्रश्न : संशयित सर्व्हर सापडला, तर तो तत्काळ नष्ट करावा का?

उत्तर : नष्ट करू नये, मेमरीतील पुरावा त्याबरोबर जातो. डिस्कचा स्नॅपशॉट घ्यावा, शक्य असल्यास मेमरीची प्रतही घ्यावी, सर्व्हरच्या रोलची (त्याला दिलेल्या अधिकारांच्या संचाची) क्रेडेन्शियल्स रद्द करावीत आणि त्याला एकही नियम नसलेल्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (सर्व्हरभोवतीच्या फायरवॉलमध्ये) टाकावे. येथे एक खाच आहे: सिक्युरिटी ग्रुप बदलला, तरी आधीपासून चालू असलेल्या ज्या जोडण्यांचा माग तो ठेवतो, त्या लगेच तुटतीलच असे नाही. त्या तोडण्यासाठी नॅट ज्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या उपविभागात) आहे, त्याच्या नेटवर्क एसीएलमध्ये (सबनेटच्या सीमेवरील नियमांच्या यादीत) त्या सर्व्हरच्या पत्त्यावरून येणारा ट्रॅफिक, किंवा समोरचा पत्ता ठाऊक असल्यास तेथे जाणारा ट्रॅफिक, नाकारावा लागतो. हा एसीएल संपूर्ण सबनेटला लागू होतो, तेव्हा नियम लिहिताना शेजारचे सर्व्हर बंद पडणार नाहीत याची खात्री करून घ्यावी.