घरातल्या मांजराला पहिल्यांदा बाहेर नेताना

पर्शियन असो वा मेन कून, घरात वाढलेलं मांजर मोकळं सोडू नका. जाळीबंद बाल्कनी किंवा हार्नेस (छातीभोवती बांधायचा, दोरी अडकवायचा पट्टा), यांपासूनच सुरुवात करा. त्याआधी लसीकरण, नसबंदी, मायक्रोचिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवायची चिप) आणि पिसवांचं औषध उरकून घ्या.

जाळी वेल्डेड स्टीलची, एक इंची भोकांची. डासांची नायलॉन जाळी नखांनी फाटते. वरची बाजूही बंद हवी. मांजर जाळी धरून सरळ वर चढतं.

हार्नेस नवखे लोक हमखास सैल बांधतात. घाबरलेलं मांजर मागे सरकतं, पुढचे पाय आखडून घेतं आणि क्षणात निसटतं. पट्ट्याखाली जेमतेम दोन बोटं जावीत. लांब केस असतील तर ते दाबून तपासा. दोरी गळपट्ट्याला कधीच अडकवू नका. आठवडाभर घरातच, रोज दहा मिनिटं, खाऊ देत सवय करा. सुरुवातीला ते आडवं पडून राहील. ओढू नका, धीर धरा, बहुतेक मांजरं रुळतात.

बाहेर कॅरिअरमधूनच (मांजर न्यायच्या बंद पेटीतूनच) न्या, नाहीतर दार उघडताच पळायला शिकेल. चपट्या नाकाच्या जातींना दुपारचं ऊन नको. लिलीची झाडं असतील तिथे तर कुठलंच मांजर नेऊ नका. नुसत्या परागकणांनीही मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.