ब्रेन, ब्रेन्स आणि आपलं डोकं

प्रश्न असा आहे: 'शी इज द ब्रेन्स बिहाइंड द प्रोजेक्ट' याचं 'ती या प्रकल्पामागचा मेंदू आहे' हे भाषांतर चालेल का? आणि बाई एकच, तर 'ब्रेन्स' हे अनेकवचन कशाला? जोडीला 'नो-ब्रेनर'ला 'बिनडोक' म्हणता येईल का, असंही विचारलं आहे.

आधी अनेकवचनाचं पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे. इंग्रजीत नुसता 'ब्रेन' म्हटलं की बहुतेक वेळा कवटीतला अवयव डोळ्यांसमोर येतो. ब्रेन ट्यूमर, ब्रेन स्कॅन ही उदाहरणं पाहा. त्याला शेवटी 'स' लागला की अवयव मागे सरतो आणि हुशारी पुढे येते. 'ही हॅज ब्रेन्स' म्हणजे त्याला एकाहून अधिक मेंदू आहेत असं नव्हे, तर त्याला चांगली अक्कल आहे. अवयव एकवचनात आणि आतलं द्रव्य, मग ते खरोखरचं असो की लाक्षणिक, अनेकवचनात, ही सवय इंग्रजीला १६व्या शतकापासून आहे. 'द ब्रेन्स' म्हणजे सगळी आखणी करणारी व्यक्ती. ती एकटी असली तरी शब्द अनेकवचनीच राहतो, क्रियापद मात्र 'इज'.

मराठीत ही युक्ती करताच येत नाही. 'मेंदू'चं अनेकवचनही 'मेंदू'च, जसं लाडूचं लाडू. वचन बदलून अर्थ बदलायची सोय नसल्यामुळे आपण शब्दच बदलतो. अवयव असेल तर मेंदू, त्या अवयवाचं काम असेल तर डोकं, आणि गुण सांगायचा असेल तर बुद्धी किंवा अक्कल. डॉक्टर मेंदू तपासतात, पण गणित सुटत नसेल तर आपण डोकं लढवतो, डोकं खाजवतो. कुणी फार बोललं तर ते आपलं डोकं खातं. उशिरा का होईना, प्रकाश डोक्यातच पडतो. या जागी 'मेंदू' घालून पाहा, वाक्य लगेच परकं वाटायला लागतं. 'मेंदू वापर' असं हल्ली ऐकू येतं, पण माझ्या कानाला 'डोकं वापर' हेच सहज लागतं.

मात्र 'डोकं' अनेकवचनात गेलं की इंग्रजीच्या अगदी उलट घडतं. 'घरात सहा डोकी आहेत' यात बुद्धीचा संबंधच नाही, ती नुसती माणसांची मोजणी आहे. त्यामुळे 'बेस्ट ब्रेन्स'चं 'उत्तम डोकी' करू नये. तिथे 'उत्तम बुद्धीची माणसं' म्हणावं लागतं. 'ब्रेन ड्रेन'मध्येही 'ब्रेन' म्हणजे माणूसच. १९६०च्या दशकात ब्रिटनमधले शास्त्रज्ञ अमेरिकेकडे जाऊ लागले, तेव्हा हा शब्दप्रयोग रुळला. मराठीत त्याला 'बुद्धिमंतांचं स्थलांतर' म्हटलं की पुरे.

'ब्रेनवॉश'चा प्रवास याहून वेगळा आहे. एडवर्ड हंटर या अमेरिकी पत्रकाराने १९५० मध्ये तो इंग्रजीत रूढ केला. मूळ चिनी शब्दातही 'धुणं' आणि 'मेंदू' हेच दोन घटक आहेत. मराठीत काही जण त्यासाठी 'बुद्धिभेद' वापरतात. मला ते पटत नाही. गीतेत 'न बुद्धिभेदं जनयेत्' येतं, तिथे भेद म्हणजे स्थिर बुद्धी डळमळीत करणं. ब्रेनवॉशमध्ये बुद्धी डळमळत नाही, उलट एकाच गोष्टीवर घट्ट बसवली जाते. म्हणून तिथे सरळ 'ब्रेनवॉश' किंवा 'डोक्यात भरवून देणं' बरं.

आता तुमचं वाक्य. 'कटामागचा मेंदू' असं बातम्यांत सर्रास छापून येतं, त्यामुळे तुमचं भाषांतर चूक म्हणता येणार नाही. पण त्यावर कटाची सावली पडते. चांगल्या कामाबद्दल बोलत असाल तर 'या प्रकल्पामागचं डोकं तिचं' हे मला सगळ्यांत मराठी वाटतं. औपचारिक लेखनात 'या प्रकल्पाची सूत्रधार ती' लिहावं.

आणि 'बिनडोक'? अजिबात नको. 'नो-ब्रेनर' म्हणजे ज्याला विचार करावाच लागत नाही असा निर्णय. 'बिनडोक' म्हणजे ज्यात विचार केलेलाच नाही असा. पहिला शहाणपणाचा, दुसरा मूर्खपणाचा. 'दिस ऑफर इज अ नो-ब्रेनर' याचं 'ही बिनडोक ऑफर आहे' केलंत, तर वाचणारा ती नाकारेल. तिथे म्हणावं, 'यात विचार कसला करायचा, घेऊन टाकायची!'