रात्री बाटली दिली तर बाळ खरंच जास्त झोपतं का?

अगं, तुझं वाचलं आणि माझेच ते दिवस आठवले. साडेतीन महिन्यांचं बाळ, पूर्ण अंगावर, रात्रीतून चारदा उठतंय, तुझ्या झोपेचं पार खोबरं झालंय आणि सासूबाईंचं रोजचं टुमणं की झोपताना पावडरच्या दुधाची एक बाटली दे, मग बघ कसा सकाळपर्यंत डाराडूर झोपतो ते. त्यावर तुझे दोन प्रश्न, हे खरंय का, आणि माझं दूध कमी पडतंय का.

दुसऱ्याचं आधी सांगते, कारण तोच प्रश्न तुला आतून जास्त खातोय असं वाटतंय. रात्री उठतो म्हणजे दूध कमी पडतंय असं अजिबात नाही. दूध पुरतंय की नाही ते शूवरून आणि वजनावरून बघायचं. दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त डायपर चांगले जड ओले होतायत, वजन त्याच्या त्याच्या रेषेत चढतंय, पिऊन झाल्यावर घट्ट आवळलेल्या मुठी सैल पडतायत, तर पुरतंय. तिसऱ्या महिन्याच्या आसपास छाती आधीसारखी दगडासारखी भरून येत नाही, मऊ लागते, आणि तिथेच बऱ्याच जणी घाबरतात की दूध आटलं. आटलेलं नसतं, शरीराला आता अंदाज आलेला असतो किती बनवायचं त्याचा. पंप करून थोडंसंच निघालं म्हणूनही घाबरू नकोस, पंपाला बाळासारखं ओढता येत नाही.

आता बाटली. सासूबाई उगाच काहीतरी बोलतायत असं नाहीये, त्यात थोडं तथ्य आहे. बहुतेक पावडर गाईच्या दुधापासून केलेली असते आणि गाईच्या दुधात केसीन नावाचं प्रोटीन खूप, त्याचं पोटात घट्ट दही बनतं, पचायला वेळ लागतो. हल्लीच्या बऱ्याच पावडरींमध्ये ते प्रमाण आईच्या दुधाच्या जवळ आणलेलं असतं, तरी अंगावरचं दूध पोटातून लवकर खाली उतरतं हे खरंच आहे. म्हणून अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत बाटलीवरच्या बाळांच्या दोन पाजण्यांमध्ये जरा जास्त अंतर पडतं. पण बाळ फक्त भुकेनं उठत असतं तर हा हिशोब लागला असता ना! एवढ्या लहान बाळाच्या झोपेचं एक चक्र साधारण पाऊण-एक तासाचं असतं, प्रत्येक चक्र संपताना ते जरा वर येतं, आणि वर आल्यावर परत झोपायला त्याला जे लागतं ते मागतं, मग ते दूध असो, कुशी असो नाहीतर नुसता तुझा वास. त्यात तीन-चार महिन्यांचं असताना झोपेची घडणच बदलते, ती थोडी मोठ्यांच्या झोपेसारखी व्हायला लागते, आणि आधी बरी झोपणारी बाळंही अचानक उठायला लागतात. तुझं नेमकं तिथेच चाललंय. यात दुधाचा काय दोष!

माझं स्वतःचं सांगते, म्हणजे पटेल. मोठी पूर्ण अंगावर होती, सात-आठ महिन्यांपर्यंत रात्री तीनदा तरी उठायची. धाकट्याच्या वेळी मी दुसऱ्या महिन्यातच नोकरीवर परत गेले आणि तो बहुतेक बाटलीवरच वाढला, तेव्हा मला वाटलं चला, या वेळी तरी झोप मिळेल. कसलं काय, तोही तेवढाच उठायचा, उलट आता उठून दिवा लावा, पाणी घ्या, पावडर मोजा, गार करा, तोवर हा किंचाळून घर डोक्यावर घेणार, आणि मग सगळेच जागे. फरक एवढाच पडला की नवराही उठू शकत होता, आणि तो फरक छोटा नाही हां.

अभ्यासांमध्येही थोडंफार असंच दिसतं. ब्रिटनमध्ये २०१५ साली सहा ते बारा महिन्यांच्या बाळांच्या आयांना विचारलं होतं, तर अंगावरचं आणि वरचं दूध यात रात्री उठण्याचा फरक सापडला नाही, आणि ७८ टक्के बाळं रात्रीतून एकदा तरी उठतच होती. कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासात मात्र अंगावरची बाळं सलग कमी झोपणारी निघाली, ते लपवत नाही, पण त्यातच हेही होतं की सहा महिन्यांची ३८ टक्के बाळं सलग सहा तास झोपतच नव्हती, आणि न झोपण्याचा त्यांच्या बौद्धिक किंवा हालचालींच्या विकासाशी किंवा आईच्या मूडशी संबंध सापडला नाही. आणि गंमत म्हणजे अमेरिकेतल्या २००७ च्या एका अभ्यासात तीन महिन्यांच्या बाळांना रात्री फक्त अंगावर पाजणाऱ्या घरांत आईबाबांना रात्रीची ४०-४५ मिनिटं जास्तच झोप मिळत होती. नंतर २०१० मध्ये दुसऱ्यांनी मोजलं तर आयांच्या झोपेत काहीच फरक नाही निघाला. तेव्हा बाटलीनं तुझ्या झोपेची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. रात्रीच्या आईच्या दुधात मेलाटोनिन असतं, झोपेचं हार्मोन, दिवसाच्या दुधात ते नसल्यातच जमा. बाळाचं स्वतःचं मेलाटोनिन साधारण तीन महिन्यांच्या आसपास नीट सुरू होतं, तोवर त्याला दिवस काय नि रात्र काय. म्हणून पंप करून ठेवत असशील तर बाटलीवर वेळ लिहून ठेव आणि रात्रीचं रात्रीच दे, फार काटेकोर नको, पण जमेल तसं. काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, त्याच्या पुढे नको.

आता समजा तुला तरीही एक बाटली सुरू करायचीच आहे. कर की! अपराधी वाटून घेऊ नकोस. फक्त दोन-तीन गोष्टी आधीच माहिती असू देत. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री, त्यातही मध्यरात्रीनंतर, जास्त असतं, त्यामुळे रोज त्याच वेळचं पाजणं सोडलंस आणि पंपही केलं नाहीस तर दूध हळूहळू कमी होत जातं. मग दिवसाही कमी पडतं, मग दुसरी बाटली, असं ते घसरत जातं. मिक्स फीडिंगच करायचं ठरलं असेल तर काही हरकत नाही, पण नकळत व्हायला नको. बाटली देताना बाळाला जरा उभं धर, बाटली जवळजवळ आडवी, निपल हळू येणारं, मधे मधे थांबून. नाहीतर घटाघटा पितं, पोट तडस लागतं, आणि तुम्हाला वाटतं वा, छान झोपलं, नि तासाभरात गुळणी करून रडत उठतं.

आणि हे मात्र कृपा करून करू नकोस, कारण मी केलंय. धाकट्याला रात्री जास्त वेळ भूक लागू नये म्हणून मी बाटलीत मापापेक्षा एक चमचा पावडर जास्त घालायला लागले. दोन दिवसांत पोरगं कुंथून कुंथून लाल, आणि डॉक्टरांनी मला जे झापलं ते अजून आठवतं. पाणी कमी पडलं की क्षार जास्त होतात, एवढ्याशा किडन्यांना ते झेपत नाही, अंगातलं पाणी कमी होऊ शकतं. डब्यावर लिहिलंय तेवढंच माप, ना जास्त ना कमी. बाटलीत सीरियल कालवून देण्याचंही कोणी ना कोणी सांगेलच तुला. तेही १९८९ साली तपासून झालंय, झोपेत काही फरक पडला नाही, आणि गुदमरायची भीती वेगळी. बाटली उशीला टेकवून बाळाच्या तोंडात ठेवून निघून जायचं नाही, ठसका लागतो, कान दुखतात, आणि दात आल्यावर ते किडतात.

रात्री पाजताना सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून डोळा लागणं सगळ्यात धोकादायक, हे तू किती दमलीयेस ते वाचूनच सांगतेय. बाळ झोपवायचं ते पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, तुमच्याच खोलीत पण त्याच्या वेगळ्या जागेत, उशी-दुलई काही नको. निदान दोन महिने अंगावर पाजलेल्या बाळांमध्ये झोपेत अचानक दगावण्याचा धोका जवळपास निम्मा असतो, तेवढं तर तू आधीच केलंयस.

मग करायचं काय? माझ्या अनुभवात दिवसा पोट भरणं सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. या वयात बाळं इकडेतिकडे बघण्यात इतकी गुंग होतात की दिवसा दोन घोट पिऊन तोंड फिरवतात आणि राहिलेलं सगळं रात्री वसूल करतात. अंधाऱ्या शांत खोलीत नेऊन पाज, फोन बाहेर ठेव. रात्री उलट, दिवा मंद, बोलणं नाही, शी असल्याशिवाय किंवा डायपर गळत असल्याशिवाय बदलायचं नाही. तू झोपायला जाताना, दहा-साडेदहाला, अर्धवट झोपेतच एकदा पाजून बघ, काही बाळांना ते लागू पडतं, माझ्या मोठीला पडलं, धाकटा त्यानेच टक्क जागा व्हायचा. आणि रोजच्या झोपांपैकी एका झोपेला, सकाळच्या वगैरे, अंगावरून जरा आधी काढून पेंगत असतानाच खाली ठेवून बघ. रडलं तर उचल, नाहीच जमलं तर सोडून दे, पंधरा दिवसांनी परत. अंगावर पिता पिता झोपवणं ही काही वाईट सवय वगैरे नाही, लोक काहीही बोलतात.

वजन थांबलं असेल, शू कमी झाली असेल, शीमध्ये रक्त दिसत असेल, पाजताना पाठ ताणून किंचाळत असेल, किंवा प्यायलाही उठत नाही इतकं सुस्त वाटत असेल तर मात्र झोपेबिपेचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. आणि बाळ झोपलेलं असूनही तुला झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांग, अंगावर काढू नकोस. अशा वेळी रात्रीची एक बाटली नवऱ्याने द्यायची आणि तू दुसऱ्या खोलीत सलग चार-पाच तास झोपायचं, हे औषधाइतकंच गरजेचं आहे, मग बाळ तेव्हा किती का उठेना.

सासूबाईंना एवढंच सांग की चार दिवस वेळा लिहून बघतोय, दिवसा किती वेळा प्यायलं, रात्री किती वाजता उठलं, नुसतं चोखलं की खरंच गिळलं. त्या लिहायला मदत करतील तर उत्तमच, मध्यरात्रीची वेळ त्यांच्याकडे दे.