सगळ्यांना सगळं कळवलं, तरी ओरड का?

प्रश्न : निफाड तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं द्राक्ष पॅकहाऊस आणि प्रीकूलिंगचं (द्राक्षं पाठवण्याआधी थंड करायच्या खोल्यांचं) काम सुरू आहे. व्यवस्थापक म्हणून मी संचालक, सभासद, बँक, निर्यातदार, ठेकेदार सगळ्यांना दर सोमवारी एकच दोन पानी अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तरी ‘आम्हाला काही कळत नाही’ ही तक्रार आहेच. काय चुकतंय?

उत्तर : एकच अहवाल सगळ्यांना, इथेच गाडं अडलंय. बँकेला झालेल्या टप्प्याचा दाखला आणि बिलं मिळाली की तिचं काम भागतं. निर्यातदाराला मात्र भिंत कुठवर आली याच्याशी देणंघेणं नाही. त्याला अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या, मान्यतेची तारीख हवी. यंत्रं बसून खोल्या चालू झाल्याशिवाय त्या मान्यतेसाठीची तपासणी पार पडणार नाही. म्हणजे वीजजोडणी लांबली की जानेवारीतला कंटेनरही हुकला. हे त्याला ऑक्टोबरात कळलं तर तो दुसरं पॅकहाऊस गाठेल, डिसेंबरअखेरीस कळलं तर फक्त भांडेल.

ऑक्टोबर छाटणीनंतर सभासद डाऊनी रोगाच्या धास्तीने फवारणीत गुंतलेले असतात. तेव्हा पीडीएफ कोण उघडतो? संध्याकाळी सातनंतर मिनिटभराचा आवाजी निरोप पाठवा : काय झालं, काय अडलं, तुमच्याकडून काय हवं. पैशांचे निर्णय घ्यायची बैठक सप्टेंबरातच उरका.

खरी डोकेदुखी संचालकांची. एखादे अण्णा साइटवर चक्कर मारतात, ‘थंड खोल्यांच्या भिंतींचं पॅनल जाड टाका’ म्हणतात, आणि वाढीव बिल आलं की ‘कोणी सांगितलं?’ सुरू होतं. ठेकेदाराला सूचना एकाच माणसाने द्यायची, तीही लेखी, हे पहिल्याच बैठकीत ठरावात घ्या. बदल सुचला की संचालकांना चार ओळी पाठवा : ‘पफ पॅनल 80 ऐवजी 100 मिमी. वाढीव खर्च अमुक. 12 दिवस जास्त. गुरुवारपर्यंत हो-नाही कळवा.’ निळ्या खुणांना होकार समजू नका. उत्तर आलं नाही तर फोन करा आणि निर्णय, तारीख, नाव वहीत उतरवून ते पान ग्रुपवर टाका. वाईट दिसेल म्हणून हे टाळणारे पुढे जास्त वाईट दिसतात.

उशीर झाला तर ‘भरून काढू’ म्हणून तो लपवू नका. कळला त्याच दिवशी, नवी तारीख आणि ती कशावर अवलंबून आहे तेही सांगा : ‘ट्रान्सफॉर्मर 20 तारखेपर्यंत आला तर चाचणी 5 डिसेंबरला, नाहीतर तेवढेच दिवस पुढे.’ निर्यातदाराला आणि बँकेला हा निरोप ग्रुपवरून नको, थेट फोनवर द्या.